मीटर पूजेत, मूठ कामावर

दिवाळी अंकाचे एक संपादक माझ्या दुकानात टायर बदलून घ्यायला आले होते. जाताना म्हणाले, "दत्तूमामा, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा की." मी म्हटलं, हवा भरण्यात अनुभव कसला? टोपण काढायचं, नळी लावायची, टोपण बसवायचं. ते म्हणाले, "तेच लिहा." मग घरी येऊन वही काढली आणि चार दिवस पेनाचं टोपण काढत-बसवत बसलो. शेवटी आमची मालन, म्हणजे बायको, म्हणाली, "खंडेनवमीचं लिवा. खरं लिवायचं असलं तर. न्हायतर मी लिवते." तिनं लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं, कारण ती काहीच गाळणार नाही.

कसबा बावड्याच्या रस्त्याला, साखर कारखान्याच्या अलीकडं, माझं टायरचं दुकान आहे. धंद्याला लागलो तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ट्रक. मोटारगाडी दुकानापुढं थांबली की आम्ही हात पुसून उभे राहायचो. आता गल्लीगल्लीत मोटारी झाल्या आणि हात पुसायला सवड राहिली नाही. गेल्या वर्षापासून मात्र मी रोज शटर उघडत नाही. माझी तयारी असते, गुडघ्यांची नसते.

हे काम मला शिकवलं बाबालाल उस्तादांनी. त्यांच्या शिकवणी दोनच. एक, हवा भरताना टायरच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. दुसरी, मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. पहिली मी जन्मात विसरलो नाही, कारण ती अंगावर आली होती. ट्रकच्या चाकाला तेव्हा टायर जागेवर धरून ठेवणारी एक लोखंडी रिंग असायची. ती नीट बसलेली नसताना हवा भरत गेलं की सुटायची. एकदा मी नळी लावून चाकासमोरच उकिडवा बसलो होतो आणि ट्रक ड्रायव्हरशी कुस्तीच्या गप्पा मारत होतो. रिंगचा कर्रकन आवाज झाला, तो मी ऐकला नाही, उस्तादांनी ऐकला. त्यांनी मागून कॉलर धरून मला ओढलं. पुढच्या क्षणी ती रिंग मी बसलो होतो तिथून गेली आणि छपराचा पत्रा घेऊन रस्त्यापलीकडं पडली. उस्तादांनी मला दोन थोबाडीत दिल्या आणि मग चहा पाजला. 

दुसरी शिकवण विसरलो, त्याला कारण माझी मूठ.

टायरवर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची हा आमच्या धंद्यातला जुना प्रकार. ट्रकवाले लोखंडी गजानं ठोकतात, मी मुठीनं ठोकायचो. मला ते जरा जास्तच जमायचं, निदान जमतंय असं दिसायचं. मूठ मारायची, मान एका बाजूला कलती करायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "अठ्ठावीस पौंड." डोळे बारीक केले की आकड्यावर कुणी शंका घेत नाही, हे मला फार लवकर कळलं. "दत्तूमामाची मूठ म्हंजे काटा," असं लोक बोलायला लागले. उस्तादांनी काम सोडताना त्यांचं पितळी मीटर माझ्या हातात दिलं होतं. हवा भरताना ते लावायचोच, पण गिऱ्हाइकांना बघायची असायची ती मूठ. मालनच्या मते टायरात जाणाऱ्या हवेतली थोडी तेव्हापासून माझ्या डोक्यात जायला लागली.

एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना मी स्वतःचीच परीक्षा घेतली. दहा टायर मुठीनं ठोकले, प्रत्येकावर खडूनं आकडा लिहिला, मग मीटर लावून बघितलं. तीन बरोबर आले. मी खडू पुसून टाकला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तर काय सांगाव्यात. आमच्याकडं बऱ्याच जणांना टायर जरा मऊ असला की स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटतं. एक पैलवान यायचे. कुस्ती सुटली होती पण रुबाब सुटला नव्हता. घरी म्हशी पाळल्या होत्या आणि जीपमधून दूध पोचवायचे.

"मामा, कडक मारा. पन्नास!"

"पैलवान, गाडीच्या दारावर तीस लिवलंय."

"त्ये पुण्या-मुंबईच्या लोकास्नी. आपली गाडी कोल्हापूरची हाय. आन् ह्यो टायरवर बगा की, पन्नास लिवलंय!"

आता इथं बाहेरच्या माणसासाठी सांगतो. टायरच्या अंगावर जो आकडा असतो तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा. गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतं. एखाद्या माणसाला पैजेनं वीस भाकरी खाता येतात, म्हणून रोजच्या ताटात कुणी वीस वाढत नाही. जास्त हवा भरली तर टायर फक्त मधोमध रस्त्याला टेकतो, गाडी उड्या मारते आणि ब्रेक लावला की घसरते. हे सगळं पैलवानांना सांगण्याइतका धीर माझ्यात नव्हता. मी तीसच भरली, वरून मूठ मारली, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "पन्नास." पैलवान दोन दिवसांनी मुद्दाम सांगायला आले. "आता कसं? कशी पळतीया बगा गाडी!"

अशा मुठीच्या जोरावर माझं झकास चाललं होतं. मग गाड्यांमध्ये हा पिवळा दिवा आला.

पहिल्यांदा एक गृहस्थ नवी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, समोर हा दिवा लागलाय. बघितलं तर कढईसारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. कढई म्हणजे काहीतरी तापलंय, असा मी सरळ अर्थ लावला. बॉनेट उघडायला लावलं, गृहस्थांना चहा पाजला, गाडी गार होईपर्यंत अर्धा तास गप्पा मारल्या. गाडी गार झाली, दिवा तसाच. मी त्यांना इंजिनवाल्याकडं पाठवलं. इंजिनवाल्यानं त्यांना परत माझ्याकडं पाठवलं आणि सोबत निरोप दिला, "मामाला सांगा, कढई न्हाय, टायर हाय त्यो." मधून कापलेल्या टायरचं चित्र होतं ते. सगळं आयुष्य टायरात घालवलेल्या मला टायर ओळखता आला नव्हता.

पुढची अक्कल मला दिली कुलकर्णीबाईंनी. बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकल्या, आणि शिकल्या त्या इतक्या मन लावून की अजून ताशी चाळीसच्या वर जात नाहीत. मागचे लोक हॉर्न वाजवून थकतात. बाईंच्या नव्या गाडीत तो दिवा होता. कंपनीनं दिलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या, चष्मा लावला आणि ओळ न् ओळ वाचून मला मराठीत सांगितली. कुठं अडलं तर मी चाक फिरवून दाखवायचो. दोन सकाळी आम्ही असा अभ्यास केला.

कळलं ते एवढं. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत हवा मोजणारा एक छोटा यंत्राचा तुकडा असतो. बाईंच्या गाडीत तसा काही नव्हता. तिथं गाडी नुसते चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झाली की टायर बसतो, चाक किंचित लहान होतं आणि तेवढंच अंतर कापायला बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं. गाडीला हा फरक कळला की ती दिवा लावते. टायर दुरुस्त करून हवा बरोबर भरली की स्टिअरिंगखालचं एक बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. त्याचा अर्थ, आत्ता जे आहे ते बरोबर आहे, हे ध्यानात ठेव. मग थोडी गाडी चालवली की ती फेरे नव्यानं शिकते. म्हणजे बटण दाबून दिवा जातो, हवा येत नाही. हवा कमी असताना बटण दाबलं, तर गाडी ती कमी हवाच बरोबर म्हणून शिकते आणि पुढं गप्प बसते.

एवढं ज्ञान मिळाल्यावर मला मास्तरकी करायचा मोह आवरला नाही. बाईंनाच मी शिकवायला लागलो. "बाई, आधी हवा, मग बटण. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. आन् लांब जाऊन थांबलात तर चारी टायरांना हात लावून बगायचा. एकच लई तापला असला तर त्यात हवा कमी हाय समजायचं." बाईंनी पर्समधून छोटी वही काढली आणि हे तारखेसकट लिहून घेतलं. शाळेतल्या बाईंनी माझं वाक्य वहीत लिहिलं, याचा मला इतका आनंद झाला की मालनला मी ते जेवताना दोनदा सांगितलं.

मग माझं नाव झालं. दिवा घालवणारे मामा! लोक लांबून यायचे आणि म्हणायचे, "हवा ऱ्हाऊ द्या, दिवा तेवढा घालवा." एकानं तर दिव्यावर देवाचं स्टिकरच चिकटवलं होतं. म्हणाला, "आता बगायचं काम न्हाय, मामा." अशा लोकांना मी बोल बोल बोलायचो. आधी हवा, मग बटण. नियम म्हणजे नियम.

बाई मात्र नियमाच्या पक्क्या. इतक्या की मला त्यांचा जरा कंटाळा यायला लागला. थंडी पडली की टायरातली हवा आकसते आणि सकाळी दिवा लागतो. दिवा लागला की बाई दारात. एकदा हवा एकतीस होती, बत्तीसच्या ऐवजी. एकदा दिवा लागलाच नव्हता, आरशातून पिवळ्या रिक्षाचा उजेड पडला होता. माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव मी 'दिवाबाई' असं साठवून ठेवलं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण मालननं सांगितलंय की गाळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याची खुरपी, सुताराचा रंधा, कागलच्या एमआयडीसीतली मोठाली मशीनं, तशी माझ्याकडं जॅक, पाने, कंप्रेसर आणि उस्तादांचं मीटर. सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, नारळ ठेवायचा. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याला निवांत बसू द्यायचं. या नियमावर माझी फार श्रद्धा आहे. त्या दिवशी मलाही निवांत बसता येतं, म्हणून जरा जास्तच.

मालननं दुकानापुढं सडा घालून मोठी रांगोळी काढली होती. पूजा झाली, आणि मी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकतोय तोवर बाईंची पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर त्यांची आई होती. पंचाऐंशी वर्षांची, अंगावर शाल, मांडीवर श्रीखंडाचा डबा.

"मामा, दिवा लागलाय," बाई म्हणाल्या. "आईला घेऊन आजऱ्याला चाललेय, भावाकडं. दसरा तिथंच करणार."

"बाई, आज हत्यार उचलता येत न्हाय. पूजेत हाय सगळं."

"हो, माझ्या लक्षातच नव्हतं." बाईंचा चेहरा पडला. "मग उद्या जाऊ का?"

मागून आजी म्हणाल्या, "उद्या नको गं. तो वाट बघत असेल."

इथं माझ्या अकलेला अंकुर फुटला. हत्याराला हात लावायचा नाही, पण बटण काही हत्यार नव्हे. ते बाईंच्या गाडीचं. आणि मूठ तर माझ्या अंगचीच. तिला कुणी पूजेला बसवलं नव्हतं. मी गाडीभोवती फिरून चारी टायरांवर मूठ मारली, मान कलती केली, डोळे बारीक केले.

"बत्तीस, बत्तीस, एकतीस, बत्तीस. सकाळच्या गारव्यानं लागलाय, बाई, दुसरं काय न्हाय." सीटवर वाकून मी बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि गेला.

"मीटर नाही लावलंत?" बाईंनी विचारलं.

"मूठ हाय की, बाई! जावा निवांत."

बाईंनी एकदा पाटावरच्या मीटरकडं बघितलं. मग त्यांनी गाडी मागं घेतली, वळवली आणि गेल्या. आजींनी खिडकीतून मला हात केला. मी खुर्चीत बसून उरलेलं खोबरं संपवलं.

पंधराएक मिनिटांनी मालन बाहेर आली आणि ओरडली, "काय हो, तुमच्या बाईंनी माझी रांगोळी तुडवली की! जरा बाजूनं न्यायला काय झालतं?"

मी हसत बघायला गेलो. गाडी वळताना रांगोळीच्या कडेवरून गेली होती आणि पुढं सड्याच्या ओल्या मातीत चाकांचे माग उमटले होते. असे माग मी आयुष्यभर बघत आलोय. तीन माग सारखे होते, टायरची सगळी नक्षी मधोमध स्वच्छ उठलेली. चौथा, मागच्या डाव्या चाकाचा, तसा नव्हता. तो रुंद होता. दोन्ही कडा मातीत खोल रुतल्या होत्या आणि मधली नक्षी पुसट होती. हवा कमी असली की टायरचं पोट वर जातं आणि तो कडांवर चालतो. पुसट नक्षी म्हणजे एक-दोन पौंडांचा फरक नव्हे. चांगलीच हवा कमी होती.

दिवा खरा होता. तो खोटा ठरवून मी विझवला होता, आणि आता वाटेत हवा अजून कमी झाली तरी गाडी काही बोलणार नव्हती.

 बाईंना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना बाई फोन घेत नाहीत. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मालननं माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. हवा नसलेला टायर घेऊन महामार्गावर गेल्या आहेत, टायर तापणार, त्याच्या बाजू दुमडून दुमडून आतले दोरे तुटणार, आणि कुठंतरी ट्रकच्या गर्दीत तो फुटणार. 

"मग बसलाय कशाला? जावा की मागनं!"

"हत्यारं पूजेत हायत."

मालननं माझ्याकडं अशी नजर टाकली की ती आठवली तरी मी अजून खुर्चीत सरळ बसतो. "त्या दोघी रस्त्यात पडल्या तर ह्या हळदकुंकवाचं काय करायचं हाय? उचला!" आणि माझी वाट न बघता तिनंच पाटावरचा जॅक उचलून माझ्या स्कूटरवर ठेवला. मी पायानं मारायचा पंप घेतला, पाना घेतला. शेवटी उस्तादांचं मीटर घेतलं. त्याच्या काचेवर मालननं ओढलेलं कुंकवाचं बोट होतं आणि झेंडूची पाकळी चिकटली होती. हात लावताना मला देवाची भीती वाटली नाही, उस्तादांची वाटली.

त्या दिवशी मी स्कूटर कशी चालवली ते सांगत नाही, कारण ते वाचून कुणी शिकू नये. रस्त्याच्या कडेला दिसणारी प्रत्येक पांढरी गाडी मला बाईंची वाटायची. कुठं चार माणसं जमलेली दिसली की स्कूटर हळू करून त्यांच्यात डोकावायचो. एकच डोक्यात घुमत होतं. आजी म्हणाल्या होत्या, तो वाट बघत असेल. बाई तर उद्या जायला तयार होत्या. मी म्हटलं होतं, जावा निवांत.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडं वळायच्या अलीकडं, सर्व्हिस रोडला एका पंक्चरच्या दुकानापुढं गाडी उभी दिसली. धड उभी. आजी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर श्रीखंडाचा डबा तसाच. बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. मी स्कूटर थांबवली.

"मामा! तुम्हालाच फोन लावत होते," बाई म्हणाल्या. माझा फोन स्कूटरच्या डिकीत पंपाखाली वाजत होता.

"टायर फुटला काय?"

"नाही हो. गाडी चालवताना मला काहीच कळलं नाही. पण मनाला खात होतं. तुम्ही नेहमी म्हणता, आधी हवा, मग बटण. आज नुसतं बटण दाबलंत. म्हणून इथं बाजूला घेतली आणि वहीत लिहिलंय तसा चारी टायरांना हात लावला. या मागच्यानं चटकाच दिला."

दुकानातून त्या पंक्चरवाल्यानं तोंड घातलं. त्याचाही कंप्रेसर झेंडूच्या माळेत बसला होता. "मी सांगितलं त्यास्नी, पावणं. हत्यार आज उचलत न्हाय, पर मूठ मारून बगितलंय. हवा हाय. ह्या बाई ऐकंनात!"

मी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळेही बारीकच होते.

मीटर लावलं. सतरा. तेही तापलेल्या टायरात, जिथं आकडा फुगून तीन-चार पौंड जास्त दिसतो. टायरात एक स्क्रू रुतला होता. आजकालच्या टायरांच्या बाजू मुळातच इतक्या कडक असतात की हवा निम्मी झाली तरी मुठीला आणि डोळ्याला पत्ता लागत नाही. हे मला माहीत होतं. खडूनं लिहिलेले ते सात चुकलेले आकडे मला तेव्हाच सांगत होते.

स्क्रू काढून पंक्चर मारता आलं असतं, पण इतकी कमी हवा घेऊन पळालेल्या टायरवर भरवसा ठेवायचा नाही, आतून तो मोडलेला असू शकतो. मी हॅण्डब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, जॅक चढवला आणि स्टेपनी काढली. सवयीनं तिच्यावर मूठ मारायला हात वर केला, तो तसाच खाली घेतला आणि मीटर लावलं. बारा! इतक्या वेळा दिव्यासाठी आलेल्या गाडीची स्टेपनी मी एकदाही मोजली नव्हती.

मग मी पायाचा पंप मारायला घेतला. बासष्ट वर्षांचा माणूस खंडेनवमीच्या दिवशी रस्त्यात पंपावर नाचतोय, हे बघायला एमआयडीसीतून पूजा आटोपून निघालेली दोन-चार माणसं थांबली. चाळीस-पन्नास वेळा पाय मारले आणि दम संपला. मीटर म्हणालं, सोळा. तो पंक्चरवाला दारात उभा राहून सगळं बघत होता. शेवटी त्यानं कंप्रेसरवरचा नारळ उचलून बाजूला ठेवला, माळ काढली आणि नळी ओढत आला.

"सरका मामा. देव उद्या रागावला तर बगू."

"टायरच्या समोर नगं, बाजूला थांब," मी म्हणालो. तेवढी एक शिकवण मला देता आली. त्यानं भरली, मी मोजली. बत्तीस. मीटरची बत्तीस.

चाक बसवून झाल्यावर मी बाईंपुढं उभा राहिलो. "बाई, चुकलं माझं. मूठ चुकली."

"मूठ नाही चुकली, मामा," बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही मोजलं नाहीत."

 आजी हसल्या. "मी हिला गाडीतच म्हटलं, हा माणूस आज टायरकडं कमी आणि आपल्याकडं जास्त बघतोय."

"आता बटण दाबायचं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय. बाकीचे टायर तापलेत. उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी चारी मोजा. दारावरच्या आकड्याला आणा, आन् मगच बटण. तवर दिव्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नका, हळूच जावा." हळू जा हे बाईंना सांगणारा जगात मी पहिलाच असेन. मग मी मीटर त्यांच्या हातात दिलं. "हे घेऊन जावा."

"अहो, पूजेतलं आहे हे."

"म्हणूनच."

दसऱ्याच्या सकाळी आजऱ्याहून फोन आला. बाईंनी एकेक आकडा वाचून दाखवला आणि दिवा लुकलुकून गेल्याचं सांगितलं. मी फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. त्या दोघी पोचल्या म्हणून रडलो, आणि आजवर माझ्या मुठीवर विश्वास ठेवून गेलेले किती जण नुसत्या नशिबानं पोचले असतील, या विचारानंही. चार दिवसांनी बाई आपट्याच्या पानांत गुंडाळून मीटर घेऊन आल्या, सोबत आजऱ्याच्या काजूंची पिशवी. काचेवरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. मीही पुसलेलं नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी सगळी हत्यारं मांडली, मीटर मात्र खिशात ठेवलं. मालननं पूजा केली आणि तबक घेऊन माझ्यासमोर आली.

"उजवा हात करा पुढं. मूठ वळा."

मी मूठ वळली. तिनं मुठीला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडूची पाकळी ठेवली. "ही बी लई राबलीया. आता दसऱ्याच्या सकाळपातूर हिला उचलायचं न्हाय."

दुपारी एक गाडी आली. काचेतून पिवळा दिवा दिसत होता. मी उजवी मूठ तशीच मांडीवर ठेवली आणि डाव्या हातानं खिशातलं मीटर काढलं.